फुटबॉलचा तास कोणाचा?

शाळेच्या वेळापत्रकात एक तास असा असतो की, ज्याची विद्यार्थी आतुरतेने वाट पाहतात, ज्याविषयी पालक कधी चौकशी करीत नाहीत आणि परीक्षा जवळ आली की ज्याच्यावर सर्वांच्या आधी गदा येते. हा तास शारीरिक शिक्षणाचा, विद्यार्थ्यांच्या भाषेत 'पी.टी.'चा होय. गणिताच्या तासाला वर्गातील निम्मी मुले खिडकीबाहेर पाहत बसली, तर मुख्याध्यापकांपर्यंत बोभाटा होईल, परंतु पी.टी.च्या तासाला निम्मी मुले मैदानाच्या कडेला उभी राहून वेळ घालवीत असली, तर त्यात काही वावगे आहे असे कोणासही वाटत नाही. ह्या उदासीनतेविषयी, आणि विशेषतः इयत्ता पाचवी ते आठवीच्या वर्गांस फुटबॉलचे प्राथमिक शिक्षण कसे दिले जावे ह्याविषयी, चार शब्द लिहिण्याचे आम्ही योजिले आहे.

नवी मुंबईत राहणाऱ्यांस हा विषय परका वाटण्याचे कारण नाही. सतरा वर्षांखालील मुलांची फुटबॉलची जागतिक स्पर्धा २०१७ मध्ये भारतात झाली, तेव्हा तिचे काही सामने आपल्या नेरूळच्या डॉ. डी. वाय. पाटील क्रीडागारात खेळले गेले. २५ ऑक्टोबर रोजी स्पेनने मालीस ३-१ असे हरविले तो उपान्त्य सामनाही येथलाच. पुढे ६ फेब्रुवारी २०२२ रोजी आशियाई महिला चषकाचा अंतिम सामना त्याच मैदानावर झाला आणि दोन गोलांनी मागे पडलेल्या चीनच्या महिलांनी कोरियावर ३-२ अशी मात केली. त्याच वर्षी ३० ऑक्टोबर रोजी सतरा वर्षांखालील मुलींच्या जागतिक स्पर्धेचा अंतिम सामनाही येथेच होऊन स्पेनने कोलंबियास १-० असे जिंकले. आपल्या घरापासून लोकलने दोनचार स्थानकांच्या अंतरावर जगातील उत्तमोत्तम कुमार खेळाडू खेळून गेले, ही भाग्याची गोष्ट खरी. परंतु दुसऱ्याचा खेळ पाहणे निराळे आणि स्वतः खेळणे निराळे. नेरूळच्या झगझगीत दिव्यांखाली जे घडले, त्याचा आपल्या शाळेतील चाळीस मिनिटांच्या तासाशी काय संबंध जडला, हा प्रश्न विचारावयास हवा.

पुष्कळ शाळांतून ह्या तासाचे जे स्वरूप दिसते, ते बहुतेक वाचकांच्या परिचयाचे आहे. शिक्षक चेंडू मैदानात टाकतात. वर्गातील दोन धट्टीकट्टी मुले आपणहून कप्तान होतात आणि भिडू वाटून घेऊ लागतात. चपळ मुले आधी उचलली जातात, मग त्यांचे मित्र, मग उरलेली. शेवटी जी पाचसात राहतात, ती दोन्ही पक्षांस नकोशी असतात. त्यांस कोठेतरी गोलाजवळ उभे केले जाते, अथवा ती आपणहून सावलीत जाऊन बसतात. आपल्या खेळांत अशा मुलास फार जुने नाव आहे: लिंबूटिंबू. तो खेळात असतो आणि नसतोही. त्याच्यावर राज्य येत नाही, तो बाद होत नाही, आणि त्याच्या असण्यानसण्याने कोणाचे काही बिघडत नाही. धाकट्या भावंडास खेळात घ्यावयाची ही एक प्रेमळ युक्ती होय. परंतु बारा वर्षांच्या विद्यार्थ्यास त्याच्याच वर्गात लिंबूटिंबू ठरविणे ह्यात प्रेम मुळीच नाही. वाचकांनी आपल्या मनाशी प्रामाणिकपणे आठवावे: असे मूल प्रत्येक वर्गात असते, आणि ते एकटेही नसते.

आमचे म्हणणे थोडक्यात असे की, शाळेच्या तासातील फुटबॉल हा वर्गातील प्रत्येक मुलाचा व मुलीचा आहे. संघात निवडल्या जाणाऱ्या अकरांचा नव्हे. संघ निवडण्याचे, सराव करण्याचे व चषक जिंकण्याचे काम योग्य आहे, पण त्याची वेळ शाळा सुटल्यानंतरची. तासाची वेळ शिकविण्याची आहे, आणि शिकवावयाचे ते सर्वांस.

ह्यास कोणी केवळ भावनेचा उमाळा म्हणेल, म्हणून थोडे गणित मांडून पाहू. वर्गात ५० विद्यार्थी आहेत व तास ४० मिनिटांचा आहे असे समजा. रांगेने मैदानावर जाणे, हजेरी घेणे व परत येणे ह्यांत १० मिनिटे गेली, उरली ३०. चेंडू एकच. ह्या ३० मिनिटांत चेंडू एक क्षणही रिकामा राहिला नाही आणि सर्वांच्या वाट्यास तो सारखाच आला असे मानले, तरी प्रत्येकाच्या पायाशी तो अवघा ३६ सेकंद राहील. प्रत्यक्षात चेंडू कुंपणाबाहेर जातो, गटारात पडतो आणि उरलेला वेळ दहाबारा मुलांच्याच पायांत घोटाळतो. म्हणजे पुष्कळांच्या वाट्यास शून्य येते. आता एकाऐवजी १० चेंडू घ्या आणि पाच-पाच मुलांचे १० गट करा. त्याच ३० मिनिटांत प्रत्येकाच्या वाट्यास ६ मिनिटे येतील, म्हणजे दसपट. शिक्षक तोच, मैदान तेच, मुलेही तीच. केवळ मांडणी बदलली. एकच पुस्तक पन्नास मुलांत फिरवून वाचन शिकविण्याचा प्रयत्न कोणी शिक्षक करणार नाही. मग एका चेंडूने पन्नास मुलांस खेळ शिकविता येईल अशी आशा आपण का धरावी?

हा खेळ आपल्या देशात शाळांच्या द्वारे कसा आला, हे पाहिल्यास आमच्या म्हणण्यास आणखी बळकटी येते. गोव्यात बार्देश तालुक्यातील शिवोली येथे फादर विल्यम रॉबर्ट लायन्स नावाच्या धर्मगुरूंनी १८८३ च्या सुमारास मुलांस फुटबॉल खेळावयास शिकविले, आणि तेथून तो गावोगावच्या चर्चपुढील पटांगणांत पसरला. आज फुटबॉल हा गोव्याचा राज्यखेळ गणला जातो. त्या पटांगणांत खेळावयास येणाऱ्या मुलास कोणी परीक्षा घेऊन आत सोडीत नसे. गावातील मुले जमली की खेळ सुरू होई, आणि म्हणूनच तो गावाचा झाला.

दुसरे उदाहरण श्रीनगरचे. चर्च मिशनरी सोसायटीच्या तेथील शाळेत टिंडेल-बिस्को नावाचे शिक्षक आले आणि १८९१ मध्ये त्यांनी चामड्याचा फुटबॉल मुलांपुढे ठेवला. चामडे विटाळाचे, म्हणून उच्चवर्णीय मुले त्यास पाय लावावयास तयार होईनात. बिस्को हट्टास पेटले. शिक्षकांस काठ्या घेऊन मैदानाभोवती उभे केले व खेळ सुरू करविला. एका मुलाच्या तोंडावर चेंडू बसला तेव्हा आपण बाटलो म्हणून तो रडू लागला. त्यास पाण्यावर नेऊन तोंड धुण्यास सांगितले व पुन्हा खेळावयास आणले. काठीच्या धाकाने मुलांस खेळविणे आज कोणास मान्य होणार नाही, आणि ते योग्यही नव्हे. परंतु त्या हट्टाच्या मुळाशी जो विचार होता, तो टाकाऊ नाही. वर्गातील काही मुलांनी कडेला उभे राहावयाचे आणि काहींनी खेळावयाचे, ही व्यवस्था त्या शिक्षकास मान्य नव्हती. तेव्हा मुलांस चेंडूपासून दूर ठेवणारा विटाळ चामड्याचा होता. आज तो विटाळ गेला. पण 'तुला जमत नाही, तू बाजूला हो' हा नवा विटाळ आपणच निर्माण केला आहे.

आता प्रत्यक्ष शिकवावयाचे ते काय? मधल्या इयत्तांपुरते पाहिले तर गोष्टी थोड्या आहेत, आणि त्या क्रमाने आल्या तर कोणासही साध्य आहेत.

पहिली गोष्ट चेंडू थोपविणे. येणारा चेंडू पायाच्या आतल्या बाजूने घ्यावा, आणि स्पर्श होताच पाय किंचित मागे घ्यावा, जेणेकरून चेंडू भिंतीवर आदळल्यासारखा उसळून न जाता पायाशीच विसावेल. वरून टाकलेले फळ आपण हात खाली नेत झेलतो, त्यातलाच हा प्रकार. तळव्याखाली चेंडू दाबून थांबविणे हीसुद्धा लहान मुलांस सोपी जाणारी रीत आहे.

दुसरी गोष्ट पास देणे. येथे बहुतेक मुले बोटांच्या टोकाने चेंडू मारतात. तो जोरात जातो खरा, पण कोठे जाईल ह्याचा नेम नसतो. पायाच्या आतल्या, रुंद बाजूने ढकललेला चेंडू सरळ जातो. परंतु पास देण्याची खरी किल्ली मारणाऱ्या पायात नसून टेकलेल्या पायात आहे. तो चेंडूच्या शेजारी, ज्या दिशेस चेंडू पाठवावयाचा त्या दिशेस तोंड करून रोवला पाहिजे, आणि गुडघा किंचित वाकलेला हवा. एका पायावर तोल सावरणे हे ज्यास आले, त्यास निम्मा फुटबॉल आला असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. आणि एका पायावर तोल सावरण्याचा खेळ तर आपल्या अंगणात पिढ्यान् पिढ्या चालत आला आहे. जी मुलगी लंगडी उत्तम घालते, तिचा टेकलेला पाय आधीच तयार आहे. फक्त ते तिला कोणीतरी सांगावयास हवे. आट्यापाट्यांत पाटी चुकवून निसटणारा मुलगाही अंगाची हुलकावणी अगोदरच शिकलेला असतो. तेव्हा व्यायामशिक्षकाने तासाचा आरंभ पाच मिनिटांच्या लंगडीने केला, तर त्याने वेळ वाया घालविला असे कोणी समजू नये.

तिसरी गोष्ट ड्रिबलिंग, म्हणजे चेंडू पायाशी ठेवून पुढे नेणे. चेंडू लांब मारून त्याच्या मागे धावणे म्हणजे ड्रिबलिंग नव्हे. लहान लहान स्पर्श, दोन्ही पायांनी, आणि मान वर. मान वर करण्यास शिकणे फार कठीण, कारण मुलांची दृष्टी चेंडूला खिळलेली असते. त्यावर सोपा उपाय असा की, शिक्षकाने पुढे उभे राहून हाताची बोटे दाखवावीत व चेंडू नेणाऱ्यांनी ती मोजून मोठ्याने सांगावीत. चौथी गोष्ट गोलाकडे मारणे, ती पायाच्या वरच्या, बुटाची नाडी येते त्या भागाने. आणि पाचवी, सर्वांत महत्त्वाची व सर्वांत दुर्लक्षित अशी गोष्ट म्हणजे चेंडू जवळ नसताना कोठे जावयाचे. सामन्यात खेळाडूचा बहुतेक वेळ चेंडूवाचून जातो. आपल्या भिडूस पास देता येईल अशा मोकळ्या जागी जाऊन उभे राहणे हे डोळ्यांचे व डोक्याचे काम आहे. ते मंद धावणाऱ्या मुलासही उत्तम साधते. ज्या मुलांस आपण निरुपयोगी ठरवितो, त्यांच्यापैकी कित्येकांस हीच कला लवकर येते, असे ज्यांनी लक्ष देऊन पाहिले त्यांस आढळून येईल.

ह्या पाच गोष्टी एका तासात शिकवावयाच्या नाहीत. एका महिन्यास एक घेतली, तरी दिवाळीपर्यंत वर्ग बराच पुढे जातो. शिवाय चेंडू वयास साजेसा हवा. मोठ्यांचा पाच क्रमांकाचा चेंडू ४१० ते ४५० ग्रॅम वजनाचा असतो. बारा वर्षांपर्यंतच्या मुलांस त्याहून लहान व हलका असा चार क्रमांकाचा चेंडू बरा. जड चेंडू लागला की भित्रे मूल अधिकच भिते, आणि एकदा भ्याले की ते पुन्हा कडेला जाते.

येथे कोणी विचारील की, नवी मुंबईत मैदाने कोठे आहेत? प्रश्न रास्त आहे. सिडकोची स्थापना १९७० मध्ये होऊन हे शहर आखून वसविले गेले, तरी मोकळ्या जागेसाठी येथेही झगडावे लागते. घणसोली येथे शासकीय क्रीडासंकुलासाठी २० एकरांची जागा राखलेली होती. ते संकुल रायगड जिल्ह्यातील माणगाव तालुक्यात हलविण्याचा शासनाचा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये रद्द केला. मुलांच्या खेळण्याची जागा शहरातच हवी, ती शंभर किलोमीटरांवर असून उपयोग नाही, हे साध्या माणसासही समजते. तथापि मोठे मैदान मिळेपर्यंत हात जोडून बसावे असेही नाही. दक्षिण अमेरिकेत माँटेव्हिडिओ शहरी वाय.एम.सी.ए. ह्या ख्रिस्ती युवकसंस्थेत हुआन कार्लोस सेरियानी नावाचे व्यायामशिक्षक होते. त्यांच्यापुढेही मैदानाचीच अडचण होती. १९३० मध्ये त्यांनी बास्केटबॉलच्या पटांगणात मावेल असा पाच-पाच भिडूंचा फुटबॉल योजिला. तोच आज फुटसाल ह्या नावाने जगभर खेळला जातो. जागेच्या टंचाईतून एक नवा खेळ जन्मास आला.

बास्केटबॉलचे पटांगण २८ मीटर लांब व १५ मीटर रुंद असते. लांबीचे पाच व रुंदीचे दोन भाग केले, तर ५.६ मीटर बाय ७.५ मीटर असे १० चौकोन होतात. खडूने आखले की पुरे. एका चौकोनात पाच मुले व एक चेंडू, असा पन्नासांचा वर्ग त्यात सुखाने मावतो. थोपविणे, पास देणे व ड्रिबलिंग ह्यांस एवढी जागा पुरेशी आहे. पावसाळ्यात जून ते सप्टेंबर मैदानात चिखल होतो, तेव्हा हेच चौकोन सभागृहात आखता येतील. खेळच खेळावयाचा तर पटांगणाचे आडवे दोन भाग करून प्रत्येकात तीन-तीनांचे सामने लावावेत, पाच मिनिटांनी पाळी बदलावी, आणि वाट पाहणाऱ्यांनी कडेच्या जागेत जोडीजोडीने पासचा सराव करावा. तिघांच्या संघात लिंबूटिंबू असूच शकत नाही. तिथे प्रत्येकाची गरज पडते. चेंडू विकत घेण्यास पैसे नसतील, तर जुने टेनिसचे चेंडू चालतील. ब्राझीलचा जगद्विख्यात खेळाडू पेले बालपणी कागद कोंबलेल्या पायमोज्याचा चेंडू करून खेळला, हे सर्वश्रुत आहे. शिवाय शासनही अगदीच स्वस्थ बसलेले नाही. सप्टेंबर २०१७ मध्ये महाराष्ट्रात एकाच दिवशी दहा लक्ष मुलांनी फुटबॉल खेळावे असा उपक्रम योजिला गेला, आणि २०२२ च्या ऑक्टोबरात केंद्र शासनाने जागतिक फुटबॉल संघटनेशी करार करून देशातील शाळांस सुमारे ११ लाख चेंडू देण्याचे ठरविले. चेंडू मिळाला ही चांगली गोष्ट. पण तो कपाटात राहतो की पायाशी येतो, हे मात्र शाळेच्या हाती आहे.

आता आक्षेपांकडे वळू. पालकांचा पहिला आक्षेप अभ्यासाचा. "खेळून काय पोट भरणार आहे?" हे वाक्य आपण सर्वांनी ऐकले आहे. त्यास उत्तर असे की, आम्ही पोट भरण्याच्या खेळाविषयी बोलतच नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये असे सांगितले की, पाच ते सतरा वर्षांच्या मुलांची दररोज सरासरी ६० मिनिटे तरी दमछाक होईल अशी हालचाल व्हावी. शाळा, शिकवणी व मोबाईल ह्यांत ज्याचा दिवस संपतो, त्या मुलास हे ६० मिनिटांचे माप कोठून भरून निघणार? समर्थ रामदासांनी गावोगावी मारुतीची स्थापना केली व बलोपासना सांगितली. संत पौलाने आपल्या पत्रांत श्रद्धेच्या जीवनास शर्यतीत धावणाऱ्याची उपमा दिली. शरीरास तुच्छ लेखावे असे ह्या दोघांपैकी कोणीही शिकविले नाही. तेव्हा पी.टी.चा तास काढून गणितास देणे ही बचत नसून उधळपट्टी होय.

दुसरा आक्षेप दुखापतीचा. तो अगदीच निराधार नाही, म्हणून त्यास नीट उत्तर दिले पाहिजे. डोक्याने चेंडू मारण्याविषयी आज जाणकार सावध झाले आहेत. अमेरिकेच्या फुटबॉल संघटनेने २०१५ मध्ये दहा वर्षांपर्यंतच्या मुलांस हेडिंग बंद केले, आणि इंग्लंडच्या संघटनेने २०२० मध्ये प्राथमिक वयाच्या मुलांच्या सरावातून ते वगळण्यास सांगितले. तेव्हा आपल्या पाचवी-सहावीच्या मुलांसही हेडिंग शिकविण्याची घाई नको. उन्हाच्या दिवसांत तास सकाळचा असावा, मधून पाणी प्यावयास द्यावे, आणि घसरून टॅकल करणे साफ वर्ज्य करावे. एवढी काळजी घेतली की गुडघा खरचटण्यापलीकडे सहसा काही होत नाही. आणि खरचटलेला गुडघा ही बालपणाची खूणच आहे.

तिसरा आक्षेप हुशार खेळाडूंच्या बाजूने येतो. सर्वांस सारखे शिकवीत बसलो, तर ज्याच्या अंगी गुण आहेत त्याचे काय? १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारताने ऑस्ट्रेलियास ४-२ असे हरविले. त्या सामन्यात मुंबईच्या नेव्हिल डिसोझाने तीन गोल केले आणि भारतास चौथा क्रमांक मिळाला. असे खेळाडू सर्वांस सारखे लेखून कसे निर्माण होतील, असे विचारले जाते. आमचे उत्तर असे की, पाचवीच्या वर्गात पाहून पुढचा नेव्हिल डिसोझा कोणता हे कोणासच सांगता येत नाही. एकाच वर्गातील दोन मुलांच्या वयांत जवळजवळ वर्षाचे अंतर असू शकते. अकराव्या वर्षी एवढे अंतर फार मोठे ठरते. आधी जन्मलेला उंच व दणकट दिसतो, म्हणून तो निवडला जातो, आणि निवडला गेला म्हणून त्यास सराव मिळतो. अनेक देशांतील कुमारांच्या संघांत वर्षाच्या आरंभी जन्मलेल्यांचीच गर्दी आढळते, हे अभ्यासकांनी पुन्हा पुन्हा दाखविले आहे. तेव्हा घाईने निवड करणारा मनुष्य गुण निवडतो असे नाही. पुष्कळदा तो केवळ जन्मतारीख निवडतो. सर्वांस शिकविले तर खरे गुण आपोआप वर येतील, आणि ज्याच्या अंगी ते आज दिसतात, त्याचेही काही नुकसान होणार नाही. कारण दहा चेंडूंच्या व्यवस्थेत त्यासही पूर्वीपेक्षा अधिक वेळ चेंडू मिळणारच आहे, शिवाय संध्याकाळचा संघाचा सराव त्यास मोकळा आहे.

चौथा आक्षेप उघडपणे घेतला जात नाही, पण आचरणात पदोपदी दिसतो, आणि तो मुलींविषयीचा. पाचवीत मुलांच्या बरोबरीने धावणारी मुलगी आठवीत मैदानाच्या कडेला बसून मैत्रिणीची वेणी घालताना दिसते. तिला खेळ आवडेनासा झाला असे आपण समजतो. वास्तविक तिला घरी सांगितलेले असते की उन्हाने काळी पडशील, गुडघ्यावर वण राहील, आता तू मोठी झालीस. आणि मैदानात मुले तिला पास देत नाहीत. ज्या शहरात आशिया खंडातील महिलांचा व जगातील कुमारींचा अंतिम सामना एकाच वर्षात झाला, त्या शहरातील मातापित्यांनी तरी आपल्या कन्येस हे सांगू नये. शाळेनेही मुलींच्या गटास जुना, हवा गेलेला चेंडू देण्याची रीत असेल तर ती सोडावी, आणि कधी त्यांचे स्वतंत्र गट, कधी मिश्र गट करून त्यांस कप्तानपद द्यावे.

शेवटी गुणांकनाविषयी एक शब्द. प्रगतिपुस्तकात शारीरिक शिक्षणाची श्रेणी दिली जाते. ती कोण जलद धावतो ह्यावर दिली, तर निसर्गानेच जे वाटले त्यावर आपण फक्त शिक्का मारतो. त्याऐवजी जूनमध्ये प्रत्येक मुलाचे दहा पास मोजावेत, त्यांतील किती भिडूपर्यंत सरळ पोहोचले ते टिपून ठेवावे, आणि फेब्रुवारीत पुन्हा मोजावे. दोनाचे सहा झालेल्या मुलाने नवाचे नऊच राखलेल्या मुलाहून अधिक शिकले, हे उघड आहे, आणि श्रेणीनेही तेच बोलले पाहिजे. मुलाची तुलना त्याच्या स्वतःशी करणे हे व्यायामशिक्षकास जितके सोपे आहे, तितके इतर कोणत्याही विषयाच्या शिक्षकास नाही.

आमच्या विद्यार्थिमित्रांस एवढेच सांगावयाचे आहे की, ज्यांस खेळ चांगला येतो त्यांच्यावर ह्या कामाचा मोठा भार आहे. शिक्षक एक आणि गट दहा. प्रत्येक गटात एक जाणता भिडू असला, तरच व्यवस्था चालते. कच्च्या भिडूस पास देण्यास कसलेल्या खेळाडूचे काही जात नाही; उलट मोजून, हळू व पायाशी दिलेला पास हीच त्याच्या कौशल्याची कसोटी होय. आणि जे कडेला उभे राहतात, त्यांनी दोन पावले आत यावे. पहिला चेंडू चुकेल, दुसराही चुकेल, पण त्याने काही बिघडत नाही.

मातापित्यांस विनंती अशी की, पुढील पालकसभेत गुणपत्रिकेविषयी विचारून झाल्यावर त्यांनी आणखी एक प्रश्न विचारावा: ह्या आठवड्यात माझ्या मुलाच्या पायाशी चेंडू किती वेळ आला? हा प्रश्न दहा पालकांनी विचारला, तर पी.टी.चा तास परीक्षेच्या आदल्या आठवड्यातही कोणी काढून घेणार नाही, आणि शाळेस एकाचे दहा चेंडू करण्याची निकड वाटेल.

हरवलेल्या मेंढराचा दाखला आपल्या शाळेत प्रत्येक विद्यार्थ्याने ऐकलेला आहे. शंभरांतील नव्याण्णव जागच्या जागी असताना मेंढपाळ त्या एकाच्या शोधात निघाला. व्यवहारी मनुष्याने त्यास वेडा म्हटले असते, कारण नव्याण्णवांचा कळप हा काही लहान कळप नव्हे. पण तो हिशेब मेंढपाळास पटला नाही. पन्नासांच्या वर्गात मैदानाच्या कडेला सावलीत बसलेले जे एक मूल आहे, त्याच्याकडे जाऊन त्याच्या पायाशी चेंडू ठेवणे, हे आमच्या मते व्यायामशिक्षकाचे पहिले कर्तव्य होय. ते पार पडेल अशी व्यवस्था करणे हे शाळेचे काम आहे आणि ती व्यवस्था मागणे हे पालकांचे. येत्या वर्षी ह्याच पृष्ठांवर आपल्या संघाच्या विजयाची वार्ता छापली जावो. परंतु तिच्या शेजारी पाचवी ते आठवीतील एकही विद्यार्थी वर्षभरात कडेला उभा राहिला नाही, अशीही एक ओळ छापता यावी, अशी आमची मनःपूर्वक इच्छा आहे.